पायाने दिलेली खूण

११ जानेवारी

प्रिय टिटवी,

फोनवर तू खोदून खोदून विचारलेस आणि मी टाळत राहिले, कारण फोनवर माणूस विचार करण्याआधी बोलतो. म्हणून लिहिते आहे. उत्तरही पत्रानेच दे, आणि अक्षर लागेल असे लिही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या दिवाणखान्यातल्या गालिच्यावर लोळण घेऊन तू तुझे ते ब्राझिलियन जिउ-जित्सू दाखवलेस, तेव्हा मी म्हटले होते की हे तरफेचे साधे गणित आहे. सांधा कोठवर वळतो हे ज्याने वर्षानुवर्षे मेडिकलच्या मुलांना शिकवले आहे, त्याला ते वर्षभरात यायला हरकत नसावी. तू म्हणालीस, "मग दाखव करून." तुझ्या आईने लगेच विषय बदलला. मी बदलला नाही. सप्टेंबरपासून मी इथल्या एका वर्गात जाते. हे कुणालाही सांगितले नव्हते, कारण अर्धवट आलेली गोष्ट सांगण्यात मला रस नसतो.

जागा म्हणजे फर्निचरचे जुने गोदाम. निळ्या गाद्या, जोडांवर चिकटपट्टी, पायांचा आणि जंतुनाशकाचा मिश्र वास. कोचचे कान फुलकोबीसारखे झालेले आहेत. रगडून साकळलेले रक्त वेळच्या वेळी काढले असते तर ही वेळ आली नसती, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले. खांद्याचा सांधा समजावताना त्याने एका स्नायूचे नाव चुकवले, तेही दुरुस्त केले. "बरं, मॅडम," म्हणाला. तेव्हापासून सगळे मला मॅडमच म्हणतात, अगदी माझ्या छातीवर बसलेले असतानासुद्धा.

माझी जोडी बहुधा एका दुभाषीबरोबर लागते. इस्पितळात आणि कोर्टात बहिऱ्या माणसांसाठी खुणांच्या भाषेतून बोलणे हा तिचा व्यवसाय. वजनाने माझ्याएवढी, वयाने बरीच लहान. तिचा आवडता डाव म्हणजे आर्मबार: समोरच्याचा हात आपल्या मांड्यांमध्ये घ्यायचा, मनगट छातीशी धरायचे आणि कंबर उचलायची, कोपर उलट्या दिशेला जाऊ लागते. असह्य झाले की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थोपटायचे. हात अडकले असतील तर पायाने. थोपटले की दुसऱ्याने तत्क्षणी सोडायचे, कारण विचारायचे नाही. सगळा खेळ या एका शिस्तीवर उभा आहे.

तिने माझा हात असा कितीदा तरी धरला आहे. प्रत्येक वेळी मी शांत राहून तो सोडवला आहे. असे असूनही गेल्या आठवड्यात कोचने तिच्या पट्ट्याला प्रगतीची पहिली पांढरी पट्टी लावली. ती माझ्यानंतर आलेली असताना. मला नाही. मला पट्टीचे अप्रूप नाही, परंतु मूल्यमापन चुकीचे झाले तर मला झोप लागत नाही, हे तुला माहीत आहे. तू स्वतः हाच खेळ शिकवतेस. तुझे मत कळव.

तुझी मावशी


१९ जानेवारी

मावशी,

पत्र वाचून मी आधी खुर्चीत बसले आणि मग हसले, या क्रमाने. तू सरावाची ती जाड पांढरी गी घालून, पट्ट्याला गाठ मारून, कुणाच्या तरी काखेत डोकं घालून बसलेली आहेस हे चित्र डोळ्यांसमोर आणायला मला दोन दिवस लागले. आईला सांगितलं नाही. सांगू का? ती काही दिवस तरी खूश राहील.

खरंच सांगते, अभिमान वाटला. माझ्या वर्गात तुझ्या वयाचं कुणी नाही, आणि जे येतात ते महिन्याभरात पाठ दुखली म्हणून गायब होतात.

पट्टीबद्दल मत देण्याआधी काही गोष्टी विचारते. दुभाषीबाईंनी हात धरला की त्यांची कंबर वर येते का? तुझं कोपर पूर्ण सरळ होतं का? आणि हात सुटतो तो नेमका कसा? तू अंगठा फिरवून खेचतेस, का आधी पकड सैल होते आणि मग तू खेचतेस? मला नीट आठवून लिही. आणि तू आजवर साधारण कितीदा थोपटलंस?

हे वाकडेपणाने विचारत नाहीये. आणि कोपर सांभाळ. मीही नेहमी लवकर थोपटते. मला लाज वाटत नाही.

टिटवी


२८ जानेवारी

प्रिय टिटवी,

तुझ्या प्रश्नांची क्रमाने उत्तरे देते.

तिची कंबर वर येते. कोपर सरळ होते आणि सांध्याच्या पुढच्या बाजूला ताण जाणवतो. तिथे मी श्वास रोखते आणि हालचाल थांबवते. थोड्या वेळाने तिची पकड सैल होते, तेव्हा मी अंगठा आत वळवून हात काढून घेते. पकड सैल का होते, तर अर्थातच ताकद संपते म्हणून. समोरचा विचलित होत नाही हे लक्षात आले की हल्ला करणाऱ्याचा उत्साहही ओसरतो. परीक्षेत विद्यार्थ्यांना घाम फोडण्याची माझी पद्धत याहून फार वेगळी नाही.

थोपटण्याविषयी विचारलेस. मी एकदाही थोपटलेले नाही. कोचने एकदा मला बाजूला घेऊन सांगितले, "मॅडम, टॅप करायला शिका. टॅप करणं हाही डाव आहे." मी त्याला म्हटले की डाव समोरच्यावर करतात.

आता मत दे, आणि गुळमुळीत लिहू नकोस. आपल्या घरात तोंडदेखले बोलण्याची पद्धत नाही.

तुझी मावशी


६ फेब्रुवारी

मावशी,

स्पष्ट लिही म्हणालीस म्हणून लिहिते.

तू हात सोडवत नाहीयेस. त्या सोडतायत.

कोपर सरळ झालं आणि कंबर वर आली की डाव संपलेला असतो. पुढे फक्त दोनच गोष्टी होऊ शकतात: समोरच्याने थोपटायचं, नाहीतर कोपर जायचं. तू थोपटत नाहीस. त्यांना तुझं कोपर मोडायचं नाही. म्हणून त्या पकड सैल करतात आणि तू "सोडवून" घेतेस. कुणाचीही ताकद दर वेळी नेमकी त्याच क्षणी संपत नाही, मावशी. पट्टी म्हणून मिळाली नाही. जो थोपटत नाही त्याच्याशी खेळताना दुसऱ्याला दोघांची काळजी घ्यावी लागते.

आता हेही लिहूनच टाकते. हे मॅटवर पहिल्यांदा घडत नाहीये. मी मेडिकलला जाणार नाही म्हटलं, तेव्हा तू आईशी अख्खी दुपार वाद घातलास. आई शेवटी म्हणाली, "बरं, तुझंच खरं." तुला वाटलं वाद संपला, तू जिंकलीस. दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन गेली आणि माझी पहिली गी विकत घेऊन आली. "तुझंच खरं" ही आपल्या घरातली पकड सोडायची रीत आहे. आजोबांनी सोडली, आईने सोडली, मी सोडते. तू कधी थोपटत नाहीस, आणि तुला मोडायचं कुणालाच नसतं. तुझ्या कोचनेही पहिल्याच दिवशी "बरं, मॅडम" म्हणून सोडली.

आपल्या घरात तोंडदेखलं बोलत नाहीत म्हणतेस. तुझ्याशी सगळे तसंच बोलतात.

टिटवी


१४ मार्च

टिटवी,

तुझे पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण परीक्षांचा काळ आहे.

मधल्या काळात वर्गात एक अपघात घडला. तुझ्या कानावर दुसरीकडून येण्याऐवजी माझ्याकडून यावा म्हणून कळवते. सरावात आर्मबार लागलेला असताना दुभाषीच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. डाव माझा होता. सोडवून घेण्याच्या प्रयत्नात ती पालथी पडली, आणि तिचा दुसरा हात तिच्याच अंगाखाली अडकला. अशा स्थितीत सांध्याच्या पुढच्या आवरणावर सर्वाधिक भार येतो. आतल्या बाजूचा अस्थिबंध तीन भागांचा असतो. त्यातला पुढचा भाग मुख्य आधार देतो, आणि हात सरळ असताना तोच प्रथम निकामी होतो. हाड मोडलेले नाही. बंध पूर्ण तुटला आहे की अंशतः, यावर पुढचे अवलंबून राहील. क्ष-किरण छायाचित्रे मी स्वतः पाहिली. तिच्या वयात आणि अशा कामात त्या बंधाची थोडी झीज आधीच झालेली असण्याची शक्यताही दुर्लक्षिण्यासारखी नाही.

तोंड मॅटमध्ये दाबले गेल्यामुळे तिला बोलता आले नाही. पायाची काही हालचाल झाली असे ती म्हणते. गर्दीच्या मॅटवर पायाची हालचाल दर वेळी अर्थपूर्ण असतेच असे नाही. कोचही सर्वांसमोर म्हणाला की पायाने केलेला टॅप कधीकधी कळत नाही. तिनेही तेच सांगितले, की तिचा पाय नीट लागला नसावा.

सध्या मी वर्गात जात नाही. कारण वर दिलेच आहे.

मावशी


२२ मार्च

मावशी,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. कोपर पूर्ण आहे त्यात, अगदी तीन भागांसकट. ज्या बाईचं ते कोपर आहे ती कुठेच नाही. ती रडली का? कामाला जाते का? खुणांनी बोलणारी बाई एका हाताने काय करते? तुला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. तू लिहिलं नाहीस.

आणि "अर्थपूर्ण असतेच असे नाही" हे वाक्य. तुझ्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असं लिहिलं असतं तर तू समासात काय लिहिलं असतंस, ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

मला एकच विचारायचं आहे. पाय आपटला तेव्हा तुझ्या मनात काय आलं?

मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण त्यांच्याकडे जा. फळांची टोपली घेऊन जाऊ नकोस, एक्स-रे समजावून सांगू नकोस. नुसती जा.

टिटवी


९ एप्रिल

प्रिय टिटवी,

हे पत्र मी यापूर्वी चार वेळा लिहून फाडले आहे. दर वेळी वाक्ये चांगली जमत होती, म्हणून फाडली.

पाय आपटला तेव्हा मला कळले.

आम्ही दोघी पालथ्या होतो. माझी हनुवटी मॅटवर टेकलेली होती आणि तिचा पाय दोनदा आपटला तो गादीतून थेट माझ्या हनुवटीत उतरला. संशयाला जागा नव्हती. तुझे फेब्रुवारीचे पत्र त्या वेळी माझ्या पिशवीत होते. ते आल्यापासून मी वर्गात सगळ्यांना बजावले होते की मला कुणी सोडायचे नाही. आणि त्या महिनाभरात, कुणी पकड घट्ट धरली की मी कसेबसे निसटत होते किंवा पाणी प्यायला उठत होते. थोपटत नव्हतेच. मग त्या दिवशी प्रथमच तिचा हात माझ्या हाती पूर्ण आला, कंबर उचलली, आणि पाय वाजला. मी मनात म्हटले, हीही दयाच. आजवर पकड सोडून मला जिंकू देत होती, आता थोपटून जिंकू देते आहे. मला खोटे थोपटणे नको होते. मी खऱ्याची वाट पाहिली.

एका श्वासाइतकी. विद्यार्थ्यांना सांधे उघडून दाखवताना बंध तुटण्याचा तो आवाज मी असंख्य वेळा ऐकला आहे. जिवंत माणसातून प्रथमच ऐकला.

ती ओरडली नाही. उठून बसली, कोपर पोटाशी धरले आणि पहिले वाक्य माझ्यासाठी बोलली: "मॅडमना कळलं नाही, पाय नीट लागला नाही माझा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. नुसती मान, टिटवी. खोटेसुद्धा मी तिच्या तोंडून बोलवून घेतले.

तू जा म्हणालीस, तरी जायला मला दोन आठवडे लागले. तिचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दारावरची घंटा दाबली तर आवाज आला नाही. आतला दिवा चमकलेला दाराच्या फटीतून दिसला. तिचे वडील जन्मापासून ऐकू न येणारे आहेत. घरात ते दोघेच. टेबलाशी बसून ते तिच्यासाठी सफरचंद कापत होते. तिचा हात झोळीत होता. मला पाहून ती उठली, खुर्ची ओढून दिली, आणि मी विचारण्याआधीच सांगू लागली की इस्पितळातली कामे सध्या दुसरीकडे गेली आहेत, कारण एका हाताने बोलणे म्हणजे अर्धी अक्षरे गिळून बोलणे. "बाबा म्हणतात, मी पुन्हा बोबडी झालेय," ती हसून म्हणाली. माझी अवघडलेली अवस्था तिला पाहवत नव्हती, हे उघड दिसत होते. तिथेही ती पकड सैल करत होती.

वडिलांनी सुरी खाली ठेवली. सुरी ठेवल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. ते माझ्या तोंडाकडे पाहतच नव्हते, हातांकडे पाहत होते. मग त्यांनी काहीतरी विचारले, थोडक्यात.

ती थांबली. नंतर तिचा आवाज बदलला. कामावर असताना तो तसाच होत असावा, सपाट आणि कुणाचाही नसलेला. दुभाष्याने बोलणाऱ्याच्या जागी उभे राहून बोलायचे असते, आपल्याकडून काही घालायचे नाही, गाळायचे नाही. ती मला म्हणाली, "माझ्या मुलीनं पायानं थोपटलं, ते तुम्हाला कळलं होतं का?"

माझी मुलगी असे ती स्वतःलाच म्हणत होती. तिने आठवडेच्या आठवडे सगळ्यांना सांगितलेले उत्तर मला आयते उपलब्ध होते. ती ते माझ्या बाजूने सांगायलाही तयार होती असे मला वाटते. परंतु मी जे बोलेन तेच तिला हातांनी सांगावे लागणार होते.

मी म्हटले, "हो."

तिचा डावा हात हवेत थांबला. "हो"साठी तिच्या भाषेत एकच हात पुरतो. तिने ती खूण केली, वडिलांकडे पाहत, नेमकी. मी उभ्या आयुष्यात इतके छोटे वाक्य इतके मोठे अंतर कापताना पाहिलेले नाही.

वडिलांनी विचारले, "मग?" तेही तिनेच त्याच आवाजात विचारले. मी सांगितले की मला वाटले ती मला जिंकू देते आहे. हे तिला एका हाताने सांगायला वेळ लागला. मध्येच एकदा तिचा झोळीतला हात आपसूक उचलला गेला आणि तिने ओठ दाबून तो परत खाली घेतला. वडिलांनी सगळे पाहून घेतले. मग ते बराच वेळ काहीतरी बोलले. तिने ते मला सांगितले नाही. मी विचारले, तेव्हा ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "ते माझ्याशी बोलले." आणि थोड्या वेळाने, "मॅडम, आता तुम्ही जा."

दुसऱ्या दिवशी कोचला सांगितले. त्याने विशेष आश्चर्य दाखवले नाही, त्याची मला अधिक लाज वाटली. मॅटवर सध्या येऊ नका म्हणाला. बाकावर बसायला हरकत नाही. सगळ्या वर्गाला मी सांगितले, उभे राहून.

सगळे आयुष्य मी दुसऱ्यांच्या चुकांखाली रेघ ओढत आले. ही रेघ कुठे ओढावी हे मला कळत नाही.

तुझी मावशी


१७ एप्रिल

मावशी,

"चुका होतात" असं लिहिलं होतं, खोडलं. ते वाक्य तुला आवडलं नसतं, आणि खरंही नव्हतं.

खरं हे आहे की तो विचार तुझ्या डोक्यात मी घातला. फेब्रुवारीचं पत्र लिहून झाल्यावर मी ते स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं होतं. फार छान जमलंय असं वाटलं होतं. तुझीच भाची. सगळे तुला सोडतात एवढं लिहून मी थांबले. थोपटलं की सोडायचं, मग ते कुणाचंही असो, कसलंही वाटो, हे शिकवायचं राहिलं. मी शिकवणारी आहे. आधी ते लिहायला हवं होतं.

बाकावर बस. जायचं थांबवू नकोस. लोक बघतील. बघू देत.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग.

टिटवी


२० जून

प्रिय टिटवी,

आधी तुझ्या पत्राचे उत्तर: त्या कृत्यात तू वाटा मागू नकोस. पत्र तुझे होते, हात माझे होते.

मी बाकावर बसले. चपला ठेवायच्या फळीशेजारी तो बाक आहे, त्यामुळे येणारा जाणारा प्रत्येक जण माझ्यासमोर वाकतो आणि मान वर केली की मी दिसते. नवीन आलेल्यांना जुने लोक हळूच सांगतात, तेही ऐकू येते. पहिले काही दिवस मी पुस्तक नेले. मग पुस्तक न्यायचे थांबवले, कारण पान उलटण्यात लपता येते. थोपटण्याचे किती प्रकार असतात हे मला बसून कळले. कुणी संतापून थोपटतो, कुणी हसत, एकजण तर आधीच थोपटून ठेवतो. सोडणारा मात्र यातला फरक पाहत बसत नाही.

तुझ्या आईला फोन केला. फोनवर माणूस विचार करण्याआधी बोलतो, हे या वेळी उपयोगी पडले. सगळे सांगून झाल्यावर, आम्ही दोघी बहिणींनी पूर्वी काय काय केले यावर मी काही मते मांडू लागले, तर ती म्हणाली, "बरं बाई, तुझंच खरं." मी म्हटले, "नाही ताई, सोडू नकोस. बोल." मग ती बोलू लागली. तुझ्या मेडिकलपासून सुरुवात करून ती मागे मागे जात आहे. आता दर रविवारी बोलते. अजून आमच्या शाळेच्या वर्षांपर्यंत पोचलेली नाही. मी ऐकते आणि फोन ठेवल्यावर काही वेळ कुणाच्या समोर जात नाही.

काल दुभाषी वर्गात परतली. कोपर पुरते सरळ होत नाही आणि बहुधा होणारही नाही. कामाला जाऊ लागली आहे. वडील म्हणतात तिच्या हातांच्या बोलण्यात परगावचा हेल आला आहे. हे तिने चपला काढताना सांगितले, माझ्यासमोर वाकून. मग कोचला म्हणाली, "आज मी मॅडमबरोबर करते." कोचने माझ्याकडे पाहिले. मी घरूनच गी घालून जात असे. का, ते मला विचारू नकोस.

तिने मला उजवा हात दिला. डावा मागण्याचे धैर्य मला झाले नाही. मी तो मांड्यांमध्ये घेतला, मनगट धरले, आणि कंबर उचलण्याआधीच सोडून दिला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला.

ती छताकडे पाहत म्हणाली, "मॅडम, मी अजून थोपटलेलं नाही. तेव्हा माझं थोपटणं तुम्हाला खरं वाटलं नाही, आता न थोपटणंही खरं वाटत नाही. माझं ऐकणार कधी?"

तिसऱ्या वेळी मी थांबले. अगदी सावकाश कंबर उचलली. तिने थोपटले, मांडीवर, दोनदा. मी सोडले. तिने कोपर एकदा चोळले.

मग तिची पाळी. तिने माझा हात घेतला, तिची कंबर वर आली, आणि माझे कोपर सरळ झाले. सवयीने मी श्वास रोखला आणि पकड सैल होण्याची वाट पाहू लागले. ती सैल होईना. दुखू लागले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले, कामावर असल्यासारख्या त्या चेहऱ्याने, ज्यात स्वतःचे काही घालत नाहीत आणि गाळतही नाहीत. बाकावरच्या दोन मुली पाहत होत्या. कोच पाहत होता.

मी तिच्या गुडघ्यावर दोनदा थोपटले.

पकड सुटली. ती इतक्या लगेच सुटते हे मला माहीत नव्हते, टिटवी. मला वाटत असे की थोपटणे आणि सुटणे यांच्या मधल्या वेळात समोरचा माणूस मनात काहीतरी म्हणत असेल.

तुझी मावशी